फकिराचे आडनाव

आडनाव विचारणे हा आपला, मराठी माणसाचा, जुना छंद आहे. गाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला आपण आधी ‘गाव कोणते’ असे विचारतो आणि लगेच ‘आडनाव काय’. त्याने ‘कुलकर्णी’ म्हटले तर पुढचा प्रश्न ‘देशस्थ का?’, त्याने ‘कांबळे’ म्हटले तर पुढचा प्रश्नच नसतो, आपण खिडकीबाहेरची शेते पाहू लागतो. या छंदावर मी आजवर स्नेहसंमेलनांतून पुष्कळ विनोद केले आणि टाळ्याही घेतल्या. पण दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, हैदराबादच्या दिलसुखनगरात एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, या छंदाने माझी जी शोभा केली ती आधी सांगितली पाहिजे. ती न सांगता धर्मनिरपेक्षतेवर दिवाळी अंकात पाने भरणे म्हणजे निव्वळ लबाडी ठरेल.

१

मी देगलूरकडचा. आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. आमचा भाग तीन भाषांच्या तिठ्यावरचा. माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात तेलुगू बोलतो, बीदरकडच्या सोयऱ्यांशी कन्नडात गोड होतो आणि भांडण पेटले की दखनीवर येतो. हैदराबाद आम्हाला परके कधी वाटलेच नाही. १९५६ सालापर्यंत ती आमचीच राजधानी होती. आजोबांची पिढी कज्जेखटल्यांसाठी तिकडे जाई, नातवंडांची पिढी क्लासेससाठी जाते. नांदेड, बिलोली, धर्माबाद, उदगीर, बीदर, आदिलाबाद, सगळीकडची पोरे दिलसुखनगरात भेटतात. स्पर्धा परीक्षांचे क्लास, त्यांच्या भिंतभर पाट्या, मुलामुलींची हॉस्टेले, मेस, झेरॉक्सची दुकाने आणि संध्याकाळी मिरची भज्यांच्या गाड्यांभोवती उभे राहिलेले बेकार पदवीधर, असे ते उपनगर आहे. नाव मात्र किती सुंदर! दिल फारसी, सुख संस्कृत.

माझा पुतण्या आणि त्याचा मित्र, दोघे बँकेच्या परीक्षेच्या तयारीसाठी तिथे निघाले. दोघे पहिलीपासून एका बाकावरचे, दोघेही माझेच विद्यार्थी. हॉस्टेलात अभ्यास होत नाही म्हणून खोली पाहायची होती आणि वडीलधारे माणूस बरोबर असले की घरमालक विश्वास ठेवतो म्हणून मला नेले होते. चार-पाच ‘टू-लेट’ पाट्या फिरल्यावर एके ठिकाणी नशीब उघडले. घरमालक मराठी निघाले! आपल्याच सीमाभागातून चाळीस वर्षांपूर्वी येऊन स्थिरावलेले. आमची बोली ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. आत बसवले, चहा मागवला, “इथं आपली भाषा कानावर पडत नाही हो सर,” म्हणून डोळ्यांत पाणी आणले. भिंतीवर शिर्डीच्या बाबांची मोठी तसबीर होती आणि तिच्याखाली लिहिले होते, सबका मालिक एक.

मग तो प्रश्न आला. पुतण्याने आपले आडनाव सांगितले. मित्राने सांगितले, “देशमुख.”

“वा! म्हणजे आपलेच.”

वाचकहो, आमच्या मराठवाड्यात देशमुख, पटेल, इनामदार ही आडनावे हिंदूंचीही आहेत आणि मुसलमानांचीही. आडनाव वतनाबरोबर आले, धर्माबरोबर नाही. घरमालकांना हे ठाऊक नव्हते असे नाही, त्या क्षणी सुचले नाही एवढेच. मला मात्र त्यांची चूक त्याच क्षणी कळली. पुतण्याला कळली. ज्याचे आडनाव होते त्याला तर कळलीच. आणि आम्ही तिघेही चहा पीत गप्प बसलो. का? त्या ‘आपलेच’ या शब्दाच्या सावलीत आणखी पाच मिनिटे बसावे असे वाटले म्हणून.

पाच मिनिटांनी घरमालकांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स मागितल्या. पहिला कागद बाजूला ठेवला. दुसऱ्यावरचे नाव त्यांनी चष्मा वर करून वाचले, खाली करून वाचले आणि माझ्याकडे पाहिले. पोराकडे नाही, माझ्याकडे.

“सर, माझं तसं काही नाही हो. मी काही मानत नाही. पण घरात सोवळंओवळं आहे. वरचे भाडेकरू काय म्हणतील? आणि तुम्ही तर आपल्या भागातले. रझाकारांचे दिवस तुम्हाला मी काय सांगायचे? शिवाय या दिलसुखनगरात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल.”

पोरगा उठला. “सर, मी खाली थांबतो,” एवढेच म्हणाला. चपला घालून, कुठलाही आवाज न करता जिना उतरला. वर्गात उशीर झालेला मुलगा जसा मागच्या दाराने येतो, तसा तो गेला.

आणि मी काय केले? ज्या मास्तराने या दोन्ही पोरांकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घेतली होती, समानता शब्दावर जोर द्या म्हणून छडी आपटली होती, त्या मास्तराने खिशातून पैसे काढून पुतण्याच्या एकट्याच्या नावाने अ‍ॅडव्हान्स मोजला. खोली चांगली होती, भाडे परवडणारे होते, क्लास जवळ होता. मित्राची सोय पुढे मलकपेटेत झाली. ‘त्याच्या माणसांत’ झाली, असे मी त्याच्या वडिलांना फोनवर सांगितले. मराठीत काही वाक्ये किती सोज्ज्वळ ऐकू येतात!

२

तो गुरुवार होता. संध्याकाळी घरमालकांनी आग्रहाने दिलसुखनगरच्या साईमंदिरात नेले. तिथली गर्दी पाहून मी थक्क झालो. तेलुगू मुलखातल्या साईमंदिरांतली एक गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते. काकड्यापासून शेजेपर्यंतच्या आरत्या तिथे मराठीतच म्हणतात. हातातल्या पुस्तिकेची लिपी तेलुगू आणि शब्द मराठी. ज्यांना ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ विचारला तर सांगता येणार नाही, ती माणसे पोथीतल्यासारखे शुद्ध मराठी तालासुरात म्हणतात. माझा ऊर भरून आला. परमुलखात आपली भाषा देवाची भाषा झालेली पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही?

पण त्या आरतीतच मला खालच्या जिन्यावरची ती चप्पल आठवली. ही आरती कोणाची चालली आहे? शिर्डीच्या पडक्या मशिदीत राहणाऱ्या एका फकिराची. त्याच्या ओठांवर ‘अल्ला मालिक’ असे आणि मशिदीचे नाव द्वारकामाई. धुनी पेटलेली असे आणि अंगात कफनी असे. आईबाप कोण, गाव कोणते, जात कोणती, याचा पत्ता त्याने कोणाला लागू दिला नाही. ‘साई’ हे नावसुद्धा दुसऱ्याने दिलेले. खंडोबाच्या पुजाऱ्याने, म्हाळसापतींनी, ‘या साई’ म्हटले आणि तेच नाव झाले, अशी परंपरा सांगते. १८९७ पासून शिर्डीत रामनवमीच्याच दिवशी उरूस भरू लागला आणि चंदनाची मिरवणूक व निशाणांची मिरवणूक एकाच गावातून निघू लागल्या. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याला, बाबा गेले. त्यानंतर देह कोठे ठेवायचा यावर हिंदू आणि मुसलमान भक्तांत दीड दिवस वाद झाला आणि शेवटी लोकांचे मत घेऊन बुटींच्या वाड्याचा निर्णय झाला, असे त्यांच्या चरित्रात आहे. म्हणजे ज्याने जन्मभर आडनाव सांगितले नाही, त्याचा श्वास थांबताच लोकांनी त्याचे आडनाव शोधायला सुरुवात केली.

तो शोध अजून चालू आहे. जून २०१४ मध्ये द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईबाबा हे देव नव्हेत, त्यांची पूजा करू नये, असे जाहीर केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाराणसीतल्या काही मंदिरांतून बाबांच्या मूर्ती हलवण्यात आल्या. या दोन्ही वेळी आमचे साईभक्त दुखावले, रागावले. पण त्यांनी उत्तर काय दिले? ‘बाबा ब्राह्मणच होते, पाथरीचे होते, कान टोचलेले होते.’ फकिराला वाचवण्यासाठी त्याला आडनाव चिकटवले! ‘ते कोणीही असोत, आम्हाला काय करायचे आहे?’ हे एक वाक्य फार थोड्यांना सुचले.

आता हाच फकीर आज झोळी घेऊन दिलसुखनगरात आला, दुसऱ्या मजल्यावरची खोली मागू लागला, तर? आधार कार्ड नाही, वडिलांचे नाव नाही, आडनाव नाही, राहण्याचा मागचा पत्ता मशीद. त्याच्याच तसबिरीखाली बसून घरमालक त्याला काय सांगतील, ते मी ऐकून आलो आहे. सबका मालिक एक, आणि तो घरमालक.

३

घरमालकांनी दोन कारणे दिली होती. दोन्ही खरी आहेत आणि म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. नुसते ‘प्रतिगामी’ म्हणून मोकळे होणे हा आमच्या पुरोगामी मंडळींचा आळस आहे.

पहिले कारण, या दिलसुखनगरात काय झाले ते. २१ नोव्हेंबर २००२ रोजी, गुरुवारी, साईमंदिराजवळ स्फोट झाला, दोन माणसे गेली. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी, पुन्हा गुरुवारी, संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. एक बसथांब्याजवळ, दुसरा मिरची भज्यांच्या दुकानाजवळ. अठरा माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. बसची वाट पाहणारी, भजी खाणारी, क्लास सुटलेली साधी माणसे. इंडियन मुजाहिदीनच्या पाच जणांना डिसेंबर २०१६ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने ती कायम केली. धर्माच्या नावाने केलेले हे नीच कृत्य आहे. त्याला ‘पण’ जोडून जो बोलतो त्याच्याशी मला बोलायचे नाही.

परंतु याच शहरात १८ मे २००७ रोजी, शुक्रवारी, मक्का मशिदीत नमाजाच्या वेळी स्फोट झाला. नऊ माणसे स्फोटात मेली, त्यानंतरच्या गोळीबारात आणखी मेली. संशयावरून आधी मुसलमान तरुण धरले, ते निर्दोष ठरले. नंतर हिंदू संघटनांशी संबंधित आरोपी धरले, त्यांचीही २०१८ मध्ये निर्दोष सुटका झाली. आता सांगा, त्या मशिदीत मेलेल्यांच्या हिशोबाची पावती कोणाच्या नावाने फाडायची? कोणत्या हिंदू पोराला खोली नाकारायची? तसे कोणी म्हटले तर आपण म्हणू, हा काय वेडेपणा! बरोबर आहे, वेडेपणाच आहे. तो दोन्हीकडून वेडेपणाच आहे.

दुसरे कारण, रझाकार. हे आमच्या भागातल्या घराघरांतले दुखणे आहे. आमच्या आजीने पोटाशी पोर घेऊन ज्वारीच्या उभ्या पिकात रात्र काढली. ते मी विसरणार नाही, कोणी विसरायला सांगूही नये. पण स्मरण पुरे असावे. रझाकारांविरुद्ध ‘इमरोज’ या उर्दू पत्रात लिहिणारा, हैदराबाद भारतात विलीन झाले पाहिजे असे उघड म्हणणारा संपादक शोएबुल्ला खान हा मुसलमान होता. ऑगस्ट १९४८ मध्ये काचीगुड्याच्या भागात रझाकारांनी त्याचा खून केला. काचीगुडा दिलसुखनगरापासून किती लांब आहे? आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर काय झाले? केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून नोंदवले आणि राज्यातल्या मृतांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. मेलेले बहुतेक मुसलमान होते. तो अहवाल दशकानुदशके कपाटात राहिला, २०१३ च्या सुमारास लोकांना वाचायला मिळाला. आजीने ज्वारीतली रात्र मला शंभर वेळा सांगितली. त्यानंतरच्या पंधरवड्यात शेजारचा वाडा रिकामा कसा झाला, हे एकदाही सांगितले नाही. मीही विचारले नाही. आपण इतिहास लक्षात ठेवतो तोसुद्धा आडनाव विचारून.

४

‘पण सर, आम्ही सर्वधर्मसमभाव मानतो,’ असे मला प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी सांगतो. मान्य. मीही पंचवीस वर्षे स्नेहसंमेलनात तो देखावा बसवला आहे. एक पोरगा टोपी घालून, एक फेटा बांधून, एक पगडी घालून, एक गळ्यात क्रूस अडकवून, चौघे हात धरून उभे. पालक टाळ्या वाजवतात. आणि त्याच शाळेत दर श्रावणात सत्यनारायण घालणाऱ्यांत मीच पुढे होतो. ज्या शाळेचा सगळा खर्च सरकार करते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे सांगणारे संविधानाचे अठ्ठावीसावे कलम मी सकाळी शिकवले आणि दुपारी तीर्थप्रसाद वाटला. वर्गातल्या कोणत्या पोरांनी प्रसाद घेतला आणि मागच्या बाकावर कोण हात मागे घेऊन उभे राहिले, याकडे मी पाहिले नाही.

आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर हे पुन्हा पुन्हा बजावत असत की सर्वधर्मसमभाव म्हणजे धर्मनिरपेक्षता नव्हे. समभावात धर्म एकमेकांना मान देतात. व्यासपीठावर महंत, मौलवी आणि पाद्री शेजारी बसतात आणि एकमेकांना शाली घालतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या व्यासपीठावर ज्याला कोणताच धर्म नाही त्याची खुर्ची कोठे असते? ज्या बाईला आपल्याच धर्माच्या रूढीने घराबाहेर काढले, तिची खुर्ची कोठे असते? धर्मनिरपेक्षतेत धर्मांना मान देण्याचा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न आहे तो माणसाला आपला धर्म न सांगता नागरिक म्हणून जगता येते का, खोली, नोकरी, न्याय आणि शेजार मिळतो का, हा. पहिल्यासाठी शाल पुरते, दुसऱ्यासाठी स्वतःचे काहीतरी सोडावे लागते.

‘हा शब्द तर बाहेरून आणून घुसडला,’ असे दुसरे सांगतात. शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला, हे खरे. पण तत्त्व आधीपासून कलमाकलमांत होते. ११ मार्च १९९४ रोजी, आपल्या शेजारच्या कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री बोम्मई यांच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग ठरवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो शब्द काढण्याच्या याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. कायद्याच्या बाजूने प्रश्न निकालात निघाला.

आणि बाहेरून आणलेला म्हणाल, तर दिलसुखनगरच्या अलीकडच्या मेट्रो स्थानकाचे नाव वाचा, मुसारामबाग. निजामाच्या नोकरीत रेमंड नावाचा एक फ्रेंच सेनानी होता, तो १७९८ मध्ये वारला. लोकांचा त्याच्यावर इतका लोभ होता की हिंदू त्याला मुसाराम म्हणत आणि मुसलमान मुसा रहीम म्हणत. मलकपेटच्या टेकडीवरच्या त्याच्या कबरीवर पुढे दीडशे वर्षांच्या आसपास दिवे लागत राहिले. हे आपल्याच मातीतले शहाणपण आहे. फक्त त्यात एक मेख आहे. रेमंड मेलेला होता. शिर्डीचा फकीरही समाधिस्थ आहे. मेलेल्या माणसाला आपण राम आणि रहीम दोन्ही नावे देतो. जिवंत देशमुखाला मात्र खोली देत नाही. आपली सगळी उदारता आपण मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे.

संविधानाचे पंधरावे कलम दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, स्नानघाट, रस्ता यांचे दार धर्म आणि जात न पाहता उघडायला लावते. खाजगी घराचा दुसरा मजला त्या यादीत नाही. सरकारचा हात तिथवर पोचत नाही आणि तिथूनच तुमची-आमची जबाबदारी सुरू होते. घरमालकांनी कायदा मोडला नाही, मीही मोडला नाही. म्हणून तर त्या पोराला दाद मागायला जागा नाही.

५

आता धर्मचिकित्सेकडे येतो, कारण ती सोडून नुसती सद्भावना मागणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. धर्माला प्रश्न विचारता येत नसेल तर शेजाऱ्याला खोली का द्यायची नाही हा प्रश्नही विचारता येत नाही. सोवळ्याची अडचण सांगितली की वाद संपतो. जमातीची रूढ सांगितली की वाद संपतो.

यातही एक आडनावाची गंमत आहे. बाबांच्या लीलांचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘हेमाडपंत’ म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर. त्यांच्या पोथीची तेलुगूत भाषांतरे झाली, हैदराबादेत घरोघर तिची पारायणे होतात. आणि चमत्काराचा दावा करणाऱ्याला ‘सिद्ध करून दाखवा’ म्हणणारे नरेंद्र दाभोलकर. त्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. दिलसुखनगरच्या स्फोटानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी, पुण्यात फिरायला निघालेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. जो कायदा माणूस जिवंत असताना होईना, त्याचा वटहुकूम तो मेल्यावर काही दिवसांत निघाला. इथेही तेच! मेल्यावर मोठेपण. त्यानंतर २०१५ मध्ये कोल्हापूरचे गोविंद पानसरे, त्याच वर्षी धारवाडचे कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळूरच्या गौरी लंकेश. मराठी आणि कन्नड, सीमेच्या दोन्ही अंगांना. भाषेवरून आपण भांडतो, बंदुकीला मात्र सीमावाद नव्हता.

एक दाभोलकर मराठी मनाचे, दुसरे मराठी मनाचे नाहीत, असे कोणी म्हणू शकेल का? ज्या घरात पारायण चालते त्याच घरात ‘हे खरे कशावरून?’ म्हणणारे पोर जन्माला येते. त्या पोराला जेवायला वाढणारे घर धर्मनिरपेक्ष. पोथी जाळायची गरज नाही, प्रश्नाचे तोंडही दाबायची गरज नाही.

‘तुम्ही फक्त हिंदूंची चिकित्सा करता,’ हा आक्षेप मी खरा मानून उत्तर देतो, कारण आमच्यातल्या काहींनी तो ओढवून घेतला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांच्या मागे किती पुरोगामी उभे राहिले? तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, एक्कावन्न वर्षांनी. ९ ऑगस्ट २००७ रोजी हैदराबादच्या प्रेस क्लबात लेखिका तस्लिमा नसरीन यांच्यावर मजलिसचे आमदार धावून गेले. तेव्हा ‘त्यांच्या भावना दुखावल्या’ म्हणून जे गप्प बसले, त्यांना दाभोलकरांच्या खुनावर गळा काढण्याचा अर्धाच अधिकार उरतो. आणि राज्यकर्ते? १९८६ हे एकच वर्ष पाहा. फेब्रुवारीत अयोध्येचे कुलूप उघडले गेले, मे महिन्यात शाहबानोच्या निकालावर संसदेने कायद्याने कुलूप लावले. दोन्ही धर्मांच्या कर्मठांना खूश केले आणि दोन्ही धर्मांतल्या माणसांना वाऱ्यावर सोडले.

माझे म्हणणे एवढेच आहे की चिकित्सा आपल्या घरापासून सुरू व्हावी. दलवाईंनी आपल्या समाजाला प्रश्न विचारले, दाभोलकरांनी आपल्या समाजाला विचारले, शोएबुल्ला खानाने आपल्या समाजाच्या उन्मादाला विचारले. शेजाऱ्याच्या धर्मातील दोष दाखवायला धैर्य लागत नाही, त्याला फक्त गच्चीवर दोन मित्र लागतात.

६

पुढे काय झाले तेही सांगतो. चार महिन्यांनी पुतण्याने ती खोली सोडली. मित्राबरोबर राहतो म्हणाला. घरमालकांनी मुदतीआधी सोडली म्हणून अ‍ॅडव्हान्समधून एका महिन्याचे भाडे कापले. ते मी मुकाट्याने सोसले. मलकपेटेत दोन घरांनी पुतण्यालाही नाही म्हटले. “काका, आडनाव तिथंही विचारतात,” तो फोनवर हसत म्हणाला. तिसऱ्या घराने दोघांना खोली दिली. ते घर कोणाचे, असे मी विचारणार होतो, तेवढ्यात जीभ आवरली.

आणि माझे स्वतःचे घर? देगलूरला वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. तीस वर्षांत तिथे बँकेचे, तहसिलीचे, शाळेचे भाडेकरू राहून गेले. मी अभिमानाने सांगत असे की मी कोणालाही जात-धर्म पाहून नाही म्हटले नाही. या लेखाच्या निमित्ताने मी त्या सगळ्यांची आडनावे आठवून कागदावर मांडली. सगळी ‘आपलीच’. मला नाही म्हणायची वेळ आली नाही, कारण खोली रिकामी झाली की कोणाला सांगायचे हे मी आधीच ठरवत असे. पाटी कधी लावलीच नव्हती. नकार देणारा निदान तोंडाने बोलतो. मी तेवढाही उजेडात आलो नव्हतो. दिलसुखनगरच्या घरमालकांना मी या लेखात पुष्कळ बोललो आहे. त्यातले निम्मे माझ्या नावाने वाचावे.

यंदा गणपतीनंतर खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा मी फाटकावर पाटी लावली. तिसऱ्या दिवशी एक तरुण जोडपे विचारायला आले. मी सवयीने तोंड उघडले, “आडनाव...” आणि थांबलो. ते दोघे एकमेकांकडे पाहू लागले. तो चेहरा मी ओळखला. चहाचा कप हातात धरून, आणखी पाच मिनिटे मिळावीत म्हणून गप्प बसलेला तोच चेहरा.

“राहू द्या,” मी म्हटले, “पाणी दिवसाआड येतं, एवढं चालेल का?”

या दिवाळीत अंक वाचून झाला की वाचकांनी आपापल्या भाडेकरूंची आणि पंगतीला बोलावलेल्या पाहुण्यांची आडनावे एका कागदावर लिहून पाहावीत. कागद दुसऱ्या कोणाला दाखवू नये, स्वतःच वाचावा. सगळी आडनावे ‘आपलीच’ निघाली, तर मग भिंतीवरच्या त्या फकिराच्या तसबिरीकडे एकदा पाहावे, आणि त्याला आपल्या घरात कोणत्या आडनावाने राहू दिले आहे ते स्वतःलाच विचारावे.